अंगारा चाळताना खोकायचं नाही

नागपूरहून एक साहेब आले होते, कुठल्याशा कॉलेजातले. खांद्याला पिशवी, हातात छोटा हातोडा. दिवसभर पूर्णेच्या दरडीत उकरत बसले आणि उन्हं कलल्यावर आमच्या ओसरीवर पाणी मागायला आले. मी चहा केला. चहा पिता पिता त्यांनी पिशवीतून काचेची बाटली काढली आणि मला दाखवत म्हणाले, "आजी, ही राख आहे बरं का."

"राख आहे हे आम्हाला ठाऊक आहे," मी म्हटलं. "कशाची ते सांगा."

"ज्वालामुखीची."

मग समजावून सांगू लागले. समुद्रापलीकडे कुठेतरी एक डोंगर फुटला होता, माणूस शेती शिकला त्याच्याही कितीतरी आधी. त्याची राख आभाळात गेली, वाऱ्याने इथवर आली, आणि नदीनाल्यांनी ती वाहून आणून काठाला साठवली. मी आपली हं हं करत होते. तोवर ते म्हणाले, "दिसायला पिठासारखी दिसते, पण ही सगळी बारीक काच असते. डोळ्यात गेली तर ओरखडे उठतात. छातीत गेली तर खोकला लागतो, आणि वर्षानुवर्षं जात राहिली तर दम लागतो तो कायमचा. हाताळायची वेळ आलीच तर नाकाला ओला कपडा बांधत जा."

म्हातारीने पाहुण्यावर ओरडू नये. मी ओरडले. "आता सांगता होय! तेव्हा कुठे मेला होतात?"

बिचाऱ्यांनी बशी खाली ठेवली. नातवाने मला दंडाला धरून आत नेलं, त्यांची माफी मागितली, आजीचं वय झालंय वगैरे सांगितलं. वय झालंय खरं. पण तो राग नव्हता. मला लाज वाटत होती. आयुष्य गेलं, पोरंबाळं झाली, पांढरे केस गळून विरळ झाले, तरी त्या खोकल्याची लाज जशीच्या तशी होती, आणि आता कोणी तरी परका माणूस चहा पिता पिता सांगत होता की लाजण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

तर ते दिवस आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाचे. मोठी कचेरी म्हणजे नागपूर. मी घाटावरची, माहेर देऊळगाव राजाचं, वडील शाळामास्तर. सासर घाटाखाली, पूर्णेच्या काठी. लग्न होऊन घाट उतरले तेव्हा आधी तो उन्हाचा भपकाराच अंगावर आला. बोलीही निराळी, बायाही 'मी जातो' म्हणायच्या. मी 'मला' म्हटलं की शेजारणी पदराआड हसायच्या, "मला काय व? मले म्हन, मले!" मी मुद्दाम 'मला'च म्हणायची. जिभेला हाड नव्हतं माझ्या, अजूनही नाही.

सासरी शेती बऱ्यापैकी होती, पण घराचा तोरा शेतीचा नव्हता. तोरा होता मानाचा. गावाखाली नदीची दरड आहे, तिच्यात काळ्या मातीच्या खाली हातभर जाडीचा एक पांढुरका पट्टा आहे. तेव्हा कुणाला डोंगर फुटल्याचं माहीत? सगळा मुलूख सांगायचा, इथे ऋषींनी यज्ञ केला, त्याची ही राख. काठावरच महादेवाचं देऊळ. शिवरात्रीला लांबलांबून, पार सोनाळ्याकडून बैलगाड्या जुंपून लोक यायचे ते त्या राखेच्या अंगाऱ्यासाठी. कपाळाला लावायचे, लेकराच्या जिभेवर ठेवायचे, पुड्या बांधून घरी न्यायचे. ताप आला अंगारा, दृष्ट लागली अंगारा, आणि खोकला झाला तरी अंगाराच.

तो अंगारा तयार करायचा मान आमच्या घरच्या बायांचा. गडी दरडीतून ढेकळं काढून आणून टाकायचे, पुढचं सगळं बायांनी. घराच्या मागच्या अंगाला एक बिनखिडकीची खोली होती. आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, उपाशी पोटी तिथे बसायचं. ढेकळं उखळात कुटायची, मग जुन्या तलम धोतराच्या फडक्यातून गाळायची, बोटाला लागली तरी कळू नये इतकी मऊ होईपर्यंत. दार लावून घ्यायचं, कारण देवाची वस्तू वाऱ्यावर जाऊ द्यायची नाही. नाकातोंडाला पदर लावायचा नाही. प्रसादापुढे नाक झाकणं म्हणजे त्याची किळस करणं. आणि खोकायचं नाही, शिंकायचं नाही. ज्या बाईचं अंग किंवा मन विटाळलेलं असेल तिलाच तो अंगारा सोसत नाही, तीच खोकते, असं म्हणणं होतं. महादेव बरोब्बर ओळखतो म्हणायचे.

लग्नानंतर दोनेक महिन्यांत शिवरात्र आली. खोलीत आम्ही तिघी: सासूबाई, चुलतसासू आणि मी. चुलतसासूचं घर भिंतीला भिंत लावून होतं, आणि हा मान थोरल्या घराकडे गेल्याचं तिला जन्मभराचं दुःख. दार लागलं. वरच्या कौलातून उन्हाची एक तिरीप आत येत होती, तिच्यात राख तरंगताना दिसे. सासूबाईंचे हात संथ चालले होते. गालात त्यांनी नेहमीसारखी बेहड्याची साल धरलेली. मला वाटायचं, म्हातारीला कसलं तरी व्यसन असावं.

मी मुसळ उचललं. घशात आधी नुसतं खवखवलं. मग डोळ्यांतून पाणी. मी आवंढे गिळले, जीभ चावली, मनात माहेरच्या बालाजीचा धावा केला. कसलं काय! आतून जी उबळ आली ती मला उखळावर वाकवूनच बाहेर पडली, आणि एकदा सुरू झाली ती थांबेना.

चुलतसासूने हातातलं फडकं खाली ठेवलं. "अवं माय! हे काय व?" मग माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाली, "घाटावरून काय घेऊन आली व तुई सून?"

सासूबाई इतकंच बोलल्या, "सूनबाई, बाहीर जाय."

मी अंगणात गेले. तुळशीजवळ उभी राहून खोकत होते आणि स्वयंपाकघरातल्या, गोठ्यातल्या, भिंतीपलीकडच्या सगळ्यांना ते ऐकू जात होतं. धरणीने पोटात घ्यावं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पाळीचे दिवस नव्हते, हे सगळ्या घराला माहीत होतं. म्हणजे अंगाचा विटाळ नाही. मग उरलं काय? तेच गावातल्या बाया पाण्याला गेल्यावर बोलू लागल्या. नवी नवरी, मास्तरची पोरगी, शिकलेली, जरा जास्तच बोलते. माहेरी काही झालं असेल, देवाने दाखवलं.

त्या रात्री ह्यांनीही विचारलं. मान खाली घालून, नखाने चटईची काडी कुरतडत. "लग्नाआधी काई... तसं काई व्हतं काय?"

पुढे त्यांनी माझा संसार नेटका केला, एक वाईट शब्द बोलले नाहीत, वाईट सांगायला जागा नाही. पण तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही. "काही नव्हतं," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला खोकला आला. झालं! माझ्या शब्दाची किंमत तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशीही मला खोलीत बसवलं. न बसवणं म्हणजे सगळ्या गावापुढे कबूल करणं. पुन्हा तेच. डोळे लाल, पापण्यांच्या आत वाळू चोळल्यासारखं व्हायचं, उजेड बघवेना. छातीत सुई टोचल्यासारखं. उपाय म्हणून सकाळसंध्याकाळ त्याच अंगाऱ्याची चिमूट पाण्यातून देत होते मला. मी पीत होते! आणि मी स्वतःच आपलं पाप शोधू लागले. शाळेच्या वाटेवर एक मुलगा माझ्याकडे बघायचा, मीही एकदा बघितलं होतं. ते असेल? आईशी खोटं बोलले होते. ते असेल? रात्रभर कूस बदलत एकेक पाप आठवायचं आणि हे नसावं, एवढं लहान नसावं, म्हणून बाजूला टाकायचं. माझ्यावर कुणी आळ घेतला याचा राग यायला हवा होता. मला राग येत नव्हता. मला वाटे, बहुतेक माझंच काहीतरी आहे, मला तेवढं आठवत नाही.

शिवरात्र पार पडली, पण खोकला गेला नाही. खोली पुढेही महिना दोन महिन्यांनी उघडतच असे, गावोगावच्या पुड्यांसाठी. दरवेळी तेच. चुलतसासूने गावात बोलायला सुरुवात केली की असल्या हातचा अंगारा लोकांच्या लेकरांच्या तोंडात जाऊन राह्यला. देवळाचे पंच घरी आले. सासरे हयात नव्हते, तेव्हा बोलणी सासूबाईंशीच झाली. सून माहेरी पाठवून द्या, नाहीतर मान दुसऱ्या घराला देऊ. कायमची पाठवायची, हे कोणी स्पष्ट म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती. आमच्याकडे एकदा अशी परत गेलेली बाई पुन्हा कोणाच्या हळदीकुंकवालाही जात नाही.

माझ्या वडिलांना निरोप गेला. ते मोटारीने खामगावपर्यंत आणि पुढे बैलगाडीने आले, धुळीने भरलेले. ओसरीवर पंच, चुलतसासू दाराशी, हे खांबाला टेकून. मी आत माजघरात, माझी पेटी भरून ठेवलेली. वडिलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मला दिसत होतं, त्यांच्या कपाळावर पागोट्याचा वळ उठला होता. माझ्या वडिलांनी शाळेत आवाज चढवला की पोरं गारठायची. इथे ते इतक्या हळू बोलले की पंचांना "काय म्हनले गुरुजी?" असं विचारावं लागलं.

"माझ्या मुलीत खोट असेल तर मी तिला घेऊन जातो," ते म्हणाले.

नाही म्हणाले नाहीत ते. माझ्या मुलीत खोट नाही, असं म्हणाले नाहीत. असेल तर, म्हणाले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मला वाटलं, आता हे घर काय आणि ते घर काय, दोन्हीकडे मला मान वर करता येणार नाही. मी पेटी उचलली.

सासूबाई तोवर चुलीपाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, तोंडातली बेहड्याची साल काढून राखेत टाकली आणि बाहेर ओसरीवर गेल्या. पुरुषांपुढे त्या कधी ओसरीवर जात नसत.

"गुरुजी, पोरीले नेऊ नोका," त्या म्हणाल्या.

पंचांतले एक म्हणाले, "वहिनी, तुम्ही आत बसा. आमी बोलून राह्यलो न."

"आयका आधी."

आणि त्या खोकल्या. मी असा खोकला त्याआधी ऐकला नव्हता. खोल विहिरीतून बादली वर ओढताना दगडावर आपटत येते तसा तो येत होता. थांबत नव्हता. त्या खांबाला धरून वाकल्या, गुडघ्यावर बसल्या, तोंड काळंनिळं झालं. हे धावले, तर त्यांनी हातानेच दूर सारलं. जितकी वर्षं दाबला होता तितका सगळा त्या चारचौघांत खोकत होत्या, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

दम परत आला तेव्हा म्हणाल्या, "लगन होऊन आली तवापासून हाये मले. पहाटे गोठ्यात जाऊन खोकलतो. दिवसा साल चघळतो." मग चुलतसासूकडे बोट केलं. "इटाळ म्हंता न तुमी? हाव, हाये. माह्यात हाये. पोरीले माह्यापासून लागला असंन. तिचं नाव घेऊ नोका."

"अवं माय!" चुलतसासूने तोंडावर हात ठेवला. "म्हंजे इतके वर्सं तूनं असा अंगारा लोकाइले देल्ला?"

"देल्ला," सासूबाई म्हणाल्या. "आता मान न्या. पण पोरगी इथंच राहीन."

मान गेला. त्याच दिवशी फडकी, चाळण्या, उखळसुद्धा भिंतीपलीकडच्या घरात गेलं. वडील माझ्या डोक्यावर हात ठेवायला आत आले, पण ठेवता ठेवता मागे घेतला. त्यांनाही लाज वाटत होती, आता ती कसली होती देव जाणे. जेवायला न थांबता गेले ते.

मी सासूबाईंच्या पाया पडायला गेले तर म्हणाल्या, "चूल विझली पाह्य. फुंकर घाल." एवढंच.

पावसाळा निम्मा होईतो माझा खोकला गेला. डोळे निवळले. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी सासूबाईंसमोर मोकळा श्वास घ्यायलाही बिचकायची. त्यांचा खोकला गेला नाही. तो आता घरचाच झाला होता, घराबाहेर काढता येण्यासारखा नव्हता. आणि गावाने त्यांना जे करायचं ते केलं. देवळात त्या गाभाऱ्याच्या पायरीवर जाऊ शकत नव्हत्या, लांबूनच हात जोडायच्या. हळदीकुंकवाला बोलावणं बंदच होतं, विधवा म्हणून. आता डोहाळजेवणातून, बारशातूनही वगळलं. माझ्या पहिल्या मुलाच्या बारशाला त्या स्वतःच्याच घरात मागच्या दारी बसल्या होत्या, बाया येऊन जाईपर्यंत. मी म्हटलं, "आत्याबाई, चला न पुढे," तर खेकसल्या, "माह्या नातवाले माह्याच तोंडानं बट्टा लावू काय?"

एकदा कापूस निवडत दोघीच बसलो होतो तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं. सोनाळ्याला, माहेरी, लहान असताना त्यांनी महादेवापुढचा खोबऱ्याचा तुकडा उचलून खाल्ला होता. नैवेद्य दाखवायच्या आधी. कोणाला कळलं नाही. "थेच हाये," त्या म्हणाल्या. "मी लय इचार केला. दुसरं काई नाई आठोत मले."

मी म्हटलं, "आत्याबाई, खोबऱ्याच्या तुकड्याने कोणी जन्मभर खोकतं का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. "मंग काय देवाच्या राखेनं खोकलतो?"

खरं सांगते, माझ्या मनात तसं यायला हवं होतं, खोली सुटली आणि माझा खोकला सुटला हे मी स्वतःच्या छातीने अनुभवलं होतं. तरी नाही आलं. भिंतीपलीकडे पुढे नवी सून आली, आणि शिवरात्रीच्या आधी त्या घरातून उखळाचा आवाज येताना मध्येच थांबायचा. थांबून काही क्षण गेले की पुन्हा सुरू व्हायचा. ती काय करत असेल ते आम्हा दोघींना कळत होतं. आम्ही एकमेकींकडे न बघता आपापलं काम करत राहायचो.

शेवटी शेवटी सासूबाईंना चार पावलं चालवेना. बसून झोपायच्या, उशीला पोट टेकून. तालुक्याचे डॉक्टर येऊन गेले, नळी लावून ऐकलं, दमा म्हणाले, औषधाची बाटली दिली. नातेवाईक भेटायला येऊ लागले, अंगणात घोंगड्या टाकून बसू लागले, कारण आता काही दिवसांचंच होतं. भिंतीपलीकडची चुलतसासूही येऊन बसली, एका कोपऱ्यात, गालात बेहड्याची साल धरून.

माजघराचं दार उघडंच असायचं, हवेसाठी. सासूबाईंना दिसायचं कमी झालं होतं. खोकला आला की त्या तोंडावर मूठ दाबायच्या, मानेच्या शिरा तटतटून फुगायच्या, आणि तसल्या अवस्थेतही त्या मला हळूच विचारायच्या, "अंगनात कोनी हाये काय व?"

अंगणात पन्नास माणूस बसलेलं असायचं.

मी म्हणायची, मोठ्याने, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "कोणी नाही, आत्याबाई. खोका तुम्ही."

मग त्या खोकायच्या. आणि बाहेर इतकी माणसं, पण कोणी हूं की चूं करायचं नाही, लेकरांच्या तोंडावरही हात ठेवायचे. चुलतसासूने तर स्वतःच्या तोंडावर पदर गच्च दाबून धरलेला मी पाहिला, आणि तिची पाठ हलत होती.